यंत्रातील राग

लग्नसराईत आमच्या उमरीच्या रस्त्यावरून वरात निघाली म्हणजे ध्वनिक्षेपकाच्या ठोक्यांनी घरांची तावदाने थरथरू लागतात. वडील मंडळी कानांवर हात ठेवून म्हणतात, "हे कसले संगीत? हा तर यंत्राचा गोंगाट!" मुले मात्र त्याच ठोक्यावर ताल धरतात. या वादाचा निर्णय करण्यापूर्वी आम्ही वाचकांस मुंबईच्या एका वादकाची हकीकत सांगू इच्छितो.

चरणजीत सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत अनेक वर्षे गिटार व विद्युत्-वाद्ये वाजवीत असत. दुसऱ्यांनी बांधलेल्या चाली वाजविणे हा त्यांचा व्यवसाय होता. १९८२ मध्ये मात्र त्यांनी 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही स्वतःची ध्वनिमुद्रिका काढली. तीत भूपाळी, यमन, मेघमल्हार, मालकंस इत्यादी दहा राग आहेत. साथीस ना तबलजी, ना सारंगिया. होती ती केवळ जपानच्या रोलँड कंपनीची तीन यंत्रे.

पहिले यंत्र ठेका धरी, दुसरे खर्जातील स्वरांची माळ फिरवी आणि तिसऱ्याच्या पट्ट्यांवर सिंग रागविस्तार करीत. दुसऱ्या यंत्रात सोळा घरे असतात. त्यांत एकेक स्वर आधी भरून ठेवला की यंत्र ती माळ न थकता फिरवीत राहते. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्यात आहे. गवई जिला मींड म्हणतात, तिच्या जवळची ही क्रिया होय.

येथे आम्हांस पेटीचे स्मरण होते. प्रार्थनेस व भजनास वाजणारी ही पेटी मूळची युरोपातली. तिचे स्वर स्थिर, तिच्यातून मींड निघत नाही, म्हणून १९४० मध्ये रेडिओवर तिला बंदी झाली. ती १९७१ पासून सैल होऊ लागली. आज पेटीवाचून कीर्तन सुने वाटते. परके वाद्य आपले होते ते असे.

सिंग यांची तबकडी त्या काळी फारशी खपली नाही. पुढे १९८७ मध्ये अमेरिकेतील शिकागोच्या 'फ्यूचर' या तरुण मंडळीने तेच खर्जाचे यंत्र घेऊन 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही रचना प्रसिद्ध केली व तिच्यापासून नृत्यसंगीताची एक नवी शाखा निघाली. २०१० मध्ये मुंबईची तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा रसिक चकित झाले. कारण तसाच नाद तीत पाच वर्षे आधी उमटला होता. कित्येकांनी सिंग यांस त्या शाखेचे जनक ठरविले. ही स्तुती आम्हांस अतिरेकी वाटते. शिकागोचे संगीत मुंबईपासून निघाले नव्हते, आणि सिंग यांसही नवा पंथ काढावयाचा नव्हता. त्यांस डिस्कोच्या ठेक्यावर राग वाजवावयाचे होते. तथापि उतारवयात युरोपातील श्रोत्यांसमोर वाजविण्याचा मान त्यांस लाभला, ही समाधानाची गोष्ट होय. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

तात्पर्य, यंत्र मुंबईत तेच व शिकागोतही तेच. त्यात जो तो आपापल्या जवळचे ओततो. सिंग यांजपाशी राग होते, म्हणून यंत्रातून राग निघाला. विद्यार्थिमित्रहो, आज गीत रचण्याचे यंत्र तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये आहे. त्याच्या सोळा घरांत भरावयास दोन स्वर तरी आधी कंठात असू द्या. आणि पालकांस विनंती की, मुलाने असे काही वाजविले तर आवाज अवश्य कमी करावयास सांगावा. परंतु यंत्र म्हणून ते टाकून देण्यापूर्वी घटकाभर कान देऊन ऐकावे.