मिरजेचे मिशन हॉस्पिटल

मिरजेचे मिशन हॉस्पिटल १८९४ साली सुरू झाले. त्या वेळी मिरज हे पटवर्धनांच्या थोरल्या पातीचे संस्थान होते. मुंबईसारख्या बंदरात मोठे रुग्णालय चालवण्यासाठी लागणारे पाठबळ तिथे तयार होते. १८४५ साली सुरू झालेल्या जे. जे. हॉस्पिटलामागे चीनच्या व्यापारात संपत्ती मिळवलेल्या सर जमशेटजी जीजीभॉय यांची देणगी होती, सरकारचा वाटा होता आणि डॉक्टर घडवायला लागूनच ग्रँट मेडिकल कॉलेज होते. कृष्णाकाठच्या या संस्थानी गावात यातले काहीच नव्हते.

हॉस्पिटल उभारणारे डॉ. विल्यम जेम्स वानलेस मूळचे कॅनडाचे. न्यूयॉर्कमध्ये वैद्यकीय शिक्षण पुरे करून ते १८८९ साली अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे भारतात आले. पत्नी मेरी या नर्स होत्या. सुरुवातीचे काम सांगलीतल्या छोट्या दवाखान्यात झाले, मग मुक्काम मिरजेला हलला. इमारतीसाठी पैसा दिला तो फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स यांनी. आगगाडीची इंजिने बनवणाऱ्या बाल्डविन कारखान्याचे ते प्रमुख होते.

आगगाडीनेच मिरजेचे भाग्यही पालटले. पुण्याहून बेळगावकडे जाणारा लोहमार्ग १८९० च्या सुमारास मिरजेवरून सुरू झाला आणि १८९१ साली कोल्हापूरचा फाटा त्याला येऊन मिळाला. बैलगाडीतून दिवसचे दिवस हाल सोसण्याऐवजी सातारा, कोल्हापूर, बेळगावचा रोगी गाडीत बसून थेट गावात उतरू लागला. मोतीबिंदू काढून दृष्टी परत मिळालेला म्हातारा गावी गेला की त्याच्यामागून त्याच वाटेने आणखी चार जण येत. यापेक्षा प्रभावी जाहिरात त्या काळात शक्य नव्हती. मुतखडा, गाठी, पोटाचे विकार यांवरच्या शस्त्रक्रियांसाठी वानलेस यांचे नाव दूरवर पोहोचले.

पण हॉस्पिटल केवळ शल्यवैद्याच्या हातावर चालत नाही. मिशनकडून डॉक्टरांचे पगार येत. औषधे, कपडे, खाटा आणि रोजचा खर्च यांसाठी मात्र ऐपतदार रोग्यांची फी लागे. त्या फीच्या बळावर गरिबांवर मोफत उपचार होत. दुसरी अडचण समाजाची होती. जखमा धुणे, मलमूत्र काढणे ही कामे हलकी मानली जात आणि त्यात जातीचा विटाळ आडवा येई. त्यामुळे नर्सिंग शिकायला सुरुवातीला पुढे आल्या त्या मुख्यतः ख्रिस्ती मुली. दक्षिण महाराष्ट्राच्या आरोग्यसेवेच्या इतिहासात या मुलींची नोंद फार थोडकी झाली आहे, हा त्यांच्यावर झालेला अन्याय आहे.

तिसरा प्रश्न मनुष्यबळाचा. परदेशातून येणारे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच. म्हणून १८९७ साली वानलेस यांनी हॉस्पिटललाच जोडून वैद्यकीय शाळा काढली. वॉर्डात ड्रेसिंग करत, शस्त्रक्रियेला मदत करत इथले तरुण वैद्यक शिकले आणि पुढे ठिकठिकाणच्या दवाखान्यांत रुजू झाले. वानलेस यांच्या सर्व कामांत हे सर्वांत दूरदृष्टीचे. नामांकित शल्यवैद्य निघून गेला की ओस पडलेली हॉस्पिटले पुष्कळ आहेत. वानलेस गेल्यावर मिरजेवर ती वेळ आली नाही, कारण शिकवण्याची सोय आधीच झालेली होती.

हॉस्पिटलाचा व्याप वाढत गेला. १९०० साली कुष्ठरोग्यांसाठी वेगळी व्यवस्था झाली. त्या रोगाच्या माणसाला घरातून आणि गावातूनही बाहेर काढले जाई, म्हणून त्याला औषधाआधी राहायला जागा देणे भाग होते. क्षयावर तेव्हा नेमके औषध नव्हते. मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार हाच उपचार. त्यासाठी १९२० साली सांगली-मिरज रस्त्यालगत आरोग्यधाम उभे राहिले आणि तो परिसर वानलेसवाडी झाला. १९२८ साली ब्रिटिश सरकारने वानलेस यांना ‘सर’ हा किताब दिला. त्याच वर्षी ते निवृत्त झाले आणि १९३३ साली अमेरिकेत त्यांचे निधन झाले.

१९६२ साली मिरजेत वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष शिक्षणाला याच हॉस्पिटलाचा आधार मिळाला. आज गावात खासगी रुग्णालयांची दाटी आहे आणि सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही रोगी मिरजेच्या स्टेशनवर उतरतात.