गुडघ्यावरचे चट्टे आणि आतला धातू

खोट्या कानातल्यांनी कानाची पाळी चिघळते, जीन्सच्या बटणाखाली बेंबीजवळ काळपट, खाजरा डाग पडतो. हा प्रताप बहुतेक वेळा निकेलचा. असा त्रास असलेल्या बाईचा गुडघा बदलायचा ठरला, तर मांडीच्या हाडावर बसणारा भाग सहसा कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूचा असतो, आणि त्यातही किंचित निकेल असतंच.

घाम किंवा शरीरातले द्रव लागले की धातूतून निकेलचे आयन सुटतात, आपल्याच प्रथिनांना चिकटतात आणि रोगप्रतिकारक टी-पेशींना ती प्रथिनं परकी वाटू लागतात. खाज सुटायला त्यामुळेच एक-दोन दिवस लागतात. यातली खरी गंमत २०१० साली उघड झाली. जिवाणूंची चाहूल घेणारं टीएलआर-४ नावाचं प्रथिन आपल्या पेशींवर असतं. त्यातले दोन हिस्टिडिन (एक अमिनो आम्ल) नेमके अशा जागी आहेत, की निकेल थेट तिथे बसतं आणि जंतू शिरल्याची खोटी वर्दी जाते. उंदराच्या टीएलआर-४ मध्ये हे हिस्टिडिन नाहीत, म्हणून त्याला निकेलची अ‍ॅलर्जी सहजी होत नाही!

हाडाला बसवलेल्या स्टीलच्या पट्टीमुळे इसब झाल्याची नोंद १९६६ पासून आहे. त्या स्टीलमध्ये निकेल भरपूर असतं. तरीही गुडघ्यावर चट्टे दिसले की लगेच धातूवर आळ घेणं मला घाईचं वाटतं. ऑपरेशनच्या छेदात सॅफेनस नसेची एक बारीक फांदी कापली जाते. व्रणाच्या बाहेरच्या अंगाची कातडी बधिर, कोरडी होते आणि काही महिन्यांनी नेमकं तिथेच इसब उठू शकतं. ते बहुधा मलमानं बसतं. कधी टाक्यांवर लावलेला गोंदच बाधलेला असतो. दुखणं, ऊब, पाणी येणं असेल तर आधी जंतुसंसर्ग तपासायला हवा.

अ‍ॅलर्जी तपासणाऱ्या पॅच टेस्टमध्ये पाठीवर चिकटवलेल्या पट्ट्या ४८ तासांनी काढतात आणि पुढे एक-दोन दिवसांनी कातडी पुन्हा पाहतात. ही चाचणी कातडीचं सांगते, सांध्याचं नव्हे. ती पॉझिटिव्ह असूनही कितीतरी जण धातूचा गुडघा घेऊन बिनतक्रार चालतात. दागिने बाधत असतील तर ऑपरेशनआधी सर्जनला जरूर सांगावं. टायटॅनियमचे किंवा ऑक्सिडाइज्ड झिर्कोनियमचे भाग मिळतात. पण नुसत्या पाठीवरच्या लाल ठिपक्यावरून बसलेला सांधा काढू म्हणणारे डॉक्टर भेटले, तर आणखी एका डॉक्टरांना दाखवावं.