भाल्यावरचे शीर आणि पुसलेली राणी

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत शिकवणाऱ्या आम्हा काही शिक्षकांनी यंदा इतिहासाच्या तासासाठी जुन्या चित्रांच्या, हाताने काढलेल्या नकला जमवायचे ठरवले. एका पालकांनी सहलीत विकत घेतलेली अशीच एक नक्कल शाळेला भेट दिली. काम मोठे सुबक होते. पृथ्वीच्या गोलावर उभा बादशहा जहांगीर, गोलाखाली बैल, बैलाखाली मासा. समोर भाल्यावर खोचलेले एका हबशी माणसाचे शीर, त्यावर बसलेले घुबड, आणि त्या शिरावर बाण मारणारा बादशहा. चित्राखाली मात्र ना नाव, ना साल.

ते शीर मलिक अंबरचे, असे सांगताच सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, म्हणजे अंबरला बादशहाने मारलं?"

नाही मारले. आणि हे जुन्नरच्या मुलांना तरी माहीत असायला हवे. १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाहीचा पाया घातला तो जुन्नरातून. इथिओपियातून गुलाम म्हणून विकला गेलेला अंबर पुढे त्याच राज्याचा कर्ताधर्ता झाला. मोगलांनी अहमदनगर घेतल्यावर त्याने दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवून राज्य सावरले आणि काही काळ जुन्नरलाच राजधानी ठेवली. जहांगीरने त्याच्यावर पुन्हा पुन्हा फौजा धाडल्या, पण अंबर कधी त्याच्या हाती लागला नाही. १६२६ मध्ये वृद्धापकाळी तो वारला. त्याची कबर खुलदाबादला आहे.

मूळ चित्र अबुल हसनने १६१६ च्या सुमारास काढले. आज ते आयर्लंडमध्ये, डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. चित्र पुरे झाले तेव्हा अंबर जिवंत होता आणि पुढे दहा वर्षे लढत राहिला. म्हणजे चित्रात आहे ती घडलेली गोष्ट नव्हे, बादशहाच्या मनातली इच्छा आहे. ही एक ओळ चित्राखाली नसेल, तर पाहणारा त्या इच्छेलाच इतिहास समजतो.

मग आम्ही दुसरे चित्र शोधले. हाशिम या चित्रकाराने १६२० च्या सुमारास काढलेले अंबरचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. पांढरा जामा घातलेला, तलवार घेऊन उभा असलेला पोक्त माणूस. शत्रूच्या दरबारातल्या चित्रकारानेच त्याला असे आब राखून रंगवले आहे. मुलांनी त्याची नक्कल केली आणि आम्ही दोन्ही चित्रे शेजारी-शेजारी टांगली.

नक्कल करणे ही चोरी नव्हे. जुन्या चित्रशाळांत शागीर्द उस्तादाच्या चित्राचा खाका उतरवूनच हात बसवत. रेषांवर सुईने बारीक छिद्रे पाडायची, वरून कोळशाची पूड झाडायची, की खालच्या कागदावर ठिपक्यांनी आकृती उमटते. मग डिंकात कालवलेले रंग आणि खारीच्या केसांचा कुंचला. आमच्या मुलांनी ट्रेसिंग पेपर आणि साधे जलरंग वापरले, एवढाच फरक.

खरी परीक्षा पुढच्या चित्राला झाली. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात 'तारीफ-इ-हुसेनशाही' ही सोळाव्या शतकातली फारसी हस्तलिखित पोथी आहे. आफताबी या कवीने हुसेन निजामशहाची स्तुती गायलेली, अहमदनगरच्या दरबारातली चित्रे असलेली. त्यांतल्या काही चित्रांत सुलतानाशेजारी बेगम खुंजा हुमायूँ होती. ही चांदबीबीची आई. हुसेनशहानंतर मुलाच्या नावाने तिने राज्यकारभार पाहिला, आणि १५६९ मध्ये त्याच मुलाने, पहिल्या मुर्तजाने, तिला कैदेत टाकले. त्यानंतरच तिची आकृती पुसली गेली असावी, असे अभ्यासक मानतात. आज तिच्या जागी रंगाचा डाग उरला आहे.

छापील चित्रावरून नक्कल करताना एक मुलगी म्हणाली, "मी बेगमला पुन्हा काढते." तिचा हेतू चांगला होता. आम्हीही क्षणभर घोटाळलो. पण तिचा चेहरा कोणी पाहिला आहे? आपण काढू तो आपल्या मनातला चेहरा असेल. शिवाय डाग झाकला, तर तिला कोणीतरी पुसले होते याचा पुरावाही झाकला जाईल. शेवटी मुलीने डाग जसाच्या तसा काढला आणि खाली लिहिले, "इथे बेगम होती." प्रदर्शनात सगळ्यात जास्त माणसे याच चित्रापाशी थांबली.

काही पालकांना माणसांच्या आकृती काढणे पसंत नव्हते. त्यांच्या भावनेचा मान राखून त्यांच्या मुलांना आम्ही हाशिये, वेलबुट्टी आणि चित्रांखालच्या पट्ट्यांचे उर्दू-मराठी सुलेखन दिले. प्रदर्शन त्याच पट्ट्यांमुळे पुरे झाले.

आता अशा हाताने रंगवलेल्या नकला पर्यटनस्थळी सर्रास मिळतात. आपण घेतली तर तीन गोष्टी जरूर विचारा: मूळ चित्र कोणाचे, कोणत्या काळातले, आणि आज कुठे आहे? उत्तर मिळाले की ते मागच्या बाजूला लिहून ठेवा. जुने चित्र ही मागच्यांनी सोपवलेली अमानत आहे. तिची नक्कल करणाऱ्याने काही वाढवू नये, काही लपवू नये.

जहांगीरचे ते चित्र आम्ही उतरवले नाही. खाली फक्त पट्टी लावली: "हे घडले नाही. बादशहाला असे घडावेसे वाटत होते."