क्रीडा मैदानांचे जलव्यवस्थापन

क्रीडा मैदानांचे जलव्यवस्थापन म्हणजे मैदाने तयार करण्यासाठी व राखण्यासाठी लागणाऱ्या पाण्याचे मोजमाप, नियोजन, काटकसर आणि पुनर्वापर. क्रीडा व्यवस्थापनातील पर्यावरणीय शाश्वततेचा हा महत्त्वाचा भाग मानला जातो. भारतात २०१६ मधील दुष्काळात महाराष्ट्रातील क्रिकेट सामन्यांवरून झालेल्या न्यायालयीन वादामुळे हा विषय विशेष चर्चेत आला.

पाण्याची गरज

क्रिकेटची खेळपट्टी चिकणमातीची असते. योग्य ओल असताना रोलर फिरवल्यासच ही माती घट्ट बसते. ती अवेळी सुकल्यास तिला भेगा पडतात व चेंडू अनियमित उसळतो. मात्र खेळपट्टीचे क्षेत्र लहान असल्याने बहुतांश पाणी भोवतालच्या हिरवळीला लागते. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी देण्यासाठी एक लिटर पाणी लागते. त्यानुसार सुमारे १५,००० चौरस मीटरच्या मैदानाला पाच मिलिमीटर पाणी एकदा द्यायचे झाल्यास ७५,००० लिटर पाणी खर्च होते. उन्हाळ्यात बाष्पीभवनामुळे ही गरज वाढते आणि इंडियन प्रीमियर लीगचा हंगाम याच काळात येतो.

२०१६ मधील वाद

२०१६ च्या उन्हाळ्यात मराठवाड्यात तीव्र पाणीटंचाई होती. १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी लातूरला पोहोचली. त्याच सुमारास लोकसत्ता मूव्हमेंट या संस्थेची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयापुढे होती. मुंबई, पुणे व नागपूर येथील सामन्यांसाठी सुमारे ६० लाख लिटर पाणी वापरले जाईल, असे त्यात म्हटले होते. आयोजकांनी प्रक्रिया केलेले सांडपाणी वापरण्याची तयारी दर्शवली. तथापि न्यायालयाने १३ एप्रिल रोजी ३० एप्रिलनंतरचे सामने राज्याबाहेर हलवण्याचा आदेश दिला. पुढे पुण्यातील १ मेच्या सामन्याला अपवाद म्हणून परवानगी मिळाली. मुंबई व पुणे संघांचे उरलेले घरचे सामने विशाखापट्टणमला, तर अंतिम सामना मुंबईऐवजी बंगळूरला झाला.

या निर्णयावर दोन्ही बाजूंनी मते मांडली गेली. मैदानांवरील पाणी वाचले तरी ते टंचाईग्रस्त गावांपर्यंत पोहोचण्याची व्यवस्था नाही, असा एक आक्षेप होता. पिण्याच्या पाण्याला प्राधान्य असताना करमणुकीसाठी पाणी वापरणे अनुचित आहे, ही दुसरी भूमिका होती.

बंगळूरमधील उपाययोजना

२०२४ च्या उन्हाळ्यात बंगळूर शहरालाच पाणीटंचाईने ग्रासले. त्या वेळी चिन्नास्वामी मैदानासाठी कब्बन पार्क येथील सांडपाणी प्रक्रिया केंद्राचे पाणी पुरवण्याचा निर्णय झाला व सामने शहरातच पार पडले. प्रक्रिया केंद्र मैदानाजवळ असल्याने हा पर्याय व्यवहार्य ठरला. अशी सोय ऐन टंचाईत उभारता येत नाही. ती आधीपासून असावी लागते.

इतर उपाय

मैदानाखालील निचऱ्याचे व प्रेक्षागृहाच्या छतावरील पावसाचे पाणी साठवणे, सकाळी लवकर किंवा सायंकाळी पाणी देणे, मातीतील ओलावा मोजून सिंचन करणे आणि कमी पाण्यावर तगणारे गवत लावणे हे प्रचलित उपाय आहेत. प्रक्रिया केलेल्या पाण्यातील क्षार तपासावे लागतात, कारण ते मातीत साचल्यास गवताची हानी होते. हॉकीत कृत्रिम मैदाने सामन्यापूर्वी भिजवावी लागतात. त्यामुळे आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने कोरड्या पृष्ठभागांच्या विकासाला चालना दिली आहे.

शिक्षणातील स्थान

क्रीडा व्यवस्थापनाच्या अभ्यासात हा विषय जललेखापरीक्षणाच्या स्वरूपात शिकवता येतो. विद्यार्थी आपल्या संस्थेच्या मैदानाचे क्षेत्रफळ, पाण्याचा स्रोत, दैनंदिन वापर व गळती यांची नोंद करून पाण्याचा ताळेबंद मांडू शकतात. स्पर्धेचे वेळापत्रक ठरवतानाच स्थानिक पाणीसाठ्याचा विचार करणे, ही २०१६ च्या प्रकरणातून पुढे आलेली प्रमुख व्यवस्थापकीय बाब आहे.