गाईला लस टोचली आणि रानात झाडं वाढली!

गाईला इंजेक्शन दिलं म्हणून जंगलात झाडं वाढली, असं कुणी सांगितलं तर तुम्ही काय म्हणाल? "काहीतरीच!" हो ना? पण हे खरोखर घडलंय. आफ्रिकेत टांझानिया नावाचा देश आहे. तिथे सेरेंगेती नावाचं अफाट गवताळ रान आहे. ही गंमत तिथली.

ती उलगडली गुरांच्या आणि रानटी जनावरांच्या साथींचा माग काढणाऱ्या संशोधकांनी. काम भलतंच अवघड बरं का! यांचे पेशंट कुठे दुखतंय ते सांगत नाहीत, वर शिंगं उगारतात.

आधी या गोष्टीतल्या खलनायकाला भेटू. त्याचं नाव बुळकांडी. तुमच्या पणजोबांच्या गोठ्यात गुरं असतील, तर त्यांनी या नावाची धास्ती घेतलेली असणार. गाईला सणकून ताप यायचा, डोळ्यांतून पाणी गळायचं, तोंडात फोड यायचे, मग जुलाब सुरू व्हायचे आणि आठ-दहा दिवसांत दावणीचं जनावर जायचं. एकामागून एक अख्खा गोठा रिकामा व्हायचा. हा रोग विषाणूमुळे व्हायचा. माणसाला होणाऱ्या गोवराचा विषाणू या विषाणूचा भाऊबंद आहे, पण बुळकांडी माणसाला मात्र होत नसे.

आपल्याकडे जनावरांच्या अशा रोगांवर संशोधन करायला १८८९ साली एक प्रयोगशाळा काढली, ती कुठे माहितीये? आपल्या पुण्यात! पुढे १८९३ मध्ये ती कुमाऊँच्या डोंगरात, मुक्तेश्वरला हलवली. असले जहाल जंतू वस्तीपासून लांब आणि थंड हवेत असलेले बरे, हा त्यामागचा विचार. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच.

साधारण त्याच सुमाराला ही बुळकांडी आफ्रिकेत शिरली. बाहेरून आणलेल्या गुरांबरोबर ती आली आणि दहा-एक वर्षांत खंडाच्या दक्षिण टोकापर्यंत पोचली. कित्येक भागांत शंभरातली ऐंशी-नव्वद गुरं मेली. गुरं गेली म्हणजे दूध गेलं, नांगर ओढणारे बैल गेले. इथिओपियात तर भयंकर दुष्काळ पडला. रानातल्या म्हशी, जिराफ, विल्डबीस्ट यांनाही रोगाने सोडलं नाही.

विल्डबीस्ट म्हणजे दाढीवालं, बैलासारख्या शिंगांचं हरिण. पुढून बैल, मागून हरिण असं काहीतरी! सेरेंगेतीत त्याचे प्रचंड कळप पाऊस पडेल तिकडे, हिरव्या गवताच्या मागे वर्षभर फिरत असतात. १९६१ मध्ये विमानातून मोजणी केली, तेव्हा ते अडीच लाखांच्या आसपास भरले. एवढ्या मोठ्या रानाला हे काही फार नव्हते. वाढ खुंटली होती, कारण दरवर्षी पिल्लं मरत होती. आईच्या दुधातून मिळालेलं संरक्षण काही महिन्यांत संपायचं आणि बुळकांडी पिल्लाला गाठायची.

तेव्हा पुष्कळ लोकांना वाटायचं, रोगाचं मूळ रानातच आहे. रानटी जनावरं तो पाळून ठेवतात आणि आमच्या गुरांना देतात. गुरं वाचवायची तर रानटी जनावरं हटवा! काही ठिकाणी तर त्यासाठी बंदुकाही चालल्या. आता नीट लक्ष द्या, कारण गोष्ट इथेच उलटते.

केनियात नैरोबीजवळ मुगुगा नावाचं गाव आहे. तिथल्या प्रयोगशाळेत वॉल्टर प्लॉराइट नावाचे इंग्रज पशुवैद्य काम करत होते. त्यांनी वासराच्या मूत्रपिंडातल्या पेशी काचेच्या नळ्यांमध्ये वाढवल्या आणि त्यांत बुळकांडीचा विषाणू सोडला. विषाणू वाढला की त्यातला थोडा घ्यायचा आणि ताज्या पेशींच्या नळीत टाकायचा. तिथे वाढला की पुन्हा पुढच्या नळीत. असं किती वेळा? जवळजवळ नव्वद! काचेच्या नळीत आयतं राहून राहून त्या विषाणूची खोड मोडली. गाईच्या अंगात सोडला तर तो तिला आजारी पाडेना, पण तिचं शरीर त्याला ओळखून ठेवायचं. एकदा टोचलं की गाय जन्मभर सुरक्षित. प्रयोग नव्वद वेळा तोच तो करत राहायचा चिवटपणा मला तरी त्यांच्या हुशारीपेक्षा मोठा वाटतो. या लशीसाठी १९९९ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

सेरेंगेतीच्या आसपास राहणाऱ्या लोकांच्या गुरांना लस टोचली गेली. विल्डबीस्टला एकही सुई लागली नाही. लाखो विल्डबीस्टना कोण पकडणार आणि कोण टोचणार!

मग संशोधकांनी रानातल्या विल्डबीस्टचं रक्त तपासायला सुरुवात केली. रोग होऊन जो वाचतो, त्याच्या रक्तात त्या रोगाशी लढणारी प्रतिपिंडं वर्षानुवर्षं राहतात. रक्त बघितलं की कळतं, या जनावराला बुळकांडी भेटून गेलीये की नाही. आता वय कसं कळणार? आठवडी बाजारात शेतकरी बैलाचे दात बघून वय सांगतात ना, तसंच इथेही दात बघून. तर, दिसलं काय? १९६३ च्या आधी जन्मलेल्यांच्या रक्तात प्रतिपिंडं होती. नंतर जन्मलेल्यांच्या रक्तात नव्हती.

थांबा. पुढे वाचू नका. याचा अर्थ काय, ते आधी स्वतः शोधा बघू.

सापडला? नंतर जन्मलेल्या पिल्लांना बुळकांडी भेटलीच नव्हती. रानातून ती आपोआप नाहीशी झाली होती, आणि तीही फक्त गुरांना लस टोचल्यावर. म्हणजे विल्डबीस्ट गुरांना रोग देत नव्हते. गुरंच त्यांना देत होती! इतकी वर्षं आळ उलट्या बाजूवर होता.

पुढचं सगळं भराभर घडलं. पिल्लं जगू लागली आणि १९७० चं दशक संपेपर्यंत विल्डबीस्ट तेरा लाखांच्या वर गेले. तेरा लाख तोंडं गवत खाणार, म्हणजे कोरड्या ऋतूत वाळून पेटणारं गवत कमी राहणार. त्यामुळे वणवे कमी झाले. आणि वणव्यात जळून जाणारी छोटी रोपं वाचली, वाढली, त्यांची झाडं झाली. आलं ना लक्षात, गाईच्या इंजेक्शनाने झाडं कशी वाढली ते?

आता तुम्ही विचाराल, रानटी जनावराचं रक्त काढतात तरी कसं? आफ्रिकेतल्या रानम्हशीचं उदाहरण घेऊ. हिच्या वाटेला सिंहही विचार करून जातो. गाडीतून किंवा हेलिकॉप्टरमधून बंदुकीने भुलीच्या औषधाची सुई मारतात. काही मिनिटांत म्हैस झुलायला लागते आणि खाली बसते. ती बसली की लगेच सगळी टीम धावते. डोळ्यांवर फडकं बांधतात, म्हणजे ती बिथरत नाही. तिला आडवी पडू देत नाहीत, छातीवर बसती ठेवतात आणि डोकं वर धरून ठेवतात. रवंथ करणारं जनावर आडवं पडलं तर पोट फुगतं, आणि पोटातला चारा उलटून श्वासनलिकेत गेला तर ते दगावतं. एकजण श्वास मोजतो, एकजण शिरेतून रक्त काढतो, एकजण डोळ्यातलं पाणी कापसाच्या बोळ्यावर टिपतो. कुणी मोठ्याने बोलत नाही. ते भुलीचं औषध इतकं जहाल असतं की चुकून माणसाला टोचलं गेलं तर जिवावर बेतावं, म्हणून माणसासाठीचा उताराही हाताशी तयार असतो. काम झालं की म्हशीला उताऱ्याचं इंजेक्शन देतात आणि सगळे गाडीकडे पळतात. कारण म्हैस थोड्याच वेळात उठते, आणि ती काही आभार मानायला उठत नाही!

बुळकांडी मात्र अजून पुरती संपली नव्हती. १९९४ च्या सुमाराला केनियातल्या त्सावोच्या रानात कुडू जातीची हरणं आंधळी होऊन भटकताना दिसू लागली. रानम्हशीही मरत होत्या. तिथे रिचर्ड कॉक नावाचे वन्यजीव पशुवैद्य होते. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नमुने तपासले, तर निघाली बुळकांडी! गुरांमध्ये ती तेव्हा इतकी सौम्य झाली होती की मालकांच्या लक्षातही येत नव्हतं. गुरांमध्ये लपलेला रोग रानटी जनावरांनी उघडा पाडला. पूर्वी ज्यांच्यावर बंदुका रोखल्या, तीच आता धोक्याची सूचना देत होती.

तोवर लसही सुधारली होती. नवी लस फ्रीजशिवाय महिनाभर टिकायची, त्यामुळे रस्ते नसलेल्या भागांत खुद्द गुराखीच ती घेऊन फिरले आणि टोचू लागले. बुळकांडीचा शेवटचा रुग्ण २००१ मध्ये केनियात सापडला. कोण होता माहितीये? रानम्हैस! भारतात तर त्याआधीच, १९९५ नंतर ती कुठे दिसली नव्हती. २०११ मध्ये जगाने जाहीर केलं की बुळकांडी पृथ्वीवरून नाहीशी झाली. माणसाने मुद्दाम संपवलेले रोग आजवर दोनच. पहिला देवी, दुसरा बुळकांडी.

हे काम कुणाला करता येतं? पशुवैद्य तर हवेतच. त्यासाठी बारावीनंतर पशुवैद्यकीय महाविद्यालयात जायचं. आपल्याकडे परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथे अशी महाविद्यालयं आहेत. नागपूरजवळ गोरेवाड्याला वन्यजीव संशोधन केंद्र आहे आणि अतिधोकादायक जंतूंवर काम करणारी मोठी प्रयोगशाळा भोपाळला आहे. पण नुसते पशुवैद्य पुरत नाहीत. विषाणूंचा अभ्यास करणारे लागतात, गोचीड-डासांचे जाणकार लागतात, आकडेमोड करणारे लागतात. आणि धनगर किंवा गुराखी बोलायला लागला की मध्ये न बोलता ऐकून घेणारे तर फारच लागतात, कारण कळपात काय बिघडलंय ते त्याला सगळ्यांच्या आधी कळतं.

काम संपलंय असं मात्र समजू नका. बुळकांडीचा एक भाऊबंद अजून मोकाट आहे. त्याचं नाव पीपीआर. हा शेळ्या-मेंढ्यांना होतो. २०१७ मध्ये मंगोलियात तो रानात शिरला आणि सायगा जातीची हजारो हरणं मेली. २०३० पर्यंत त्यालाही संपवायचं असं जगाने ठरवलंय, लसही आहे. तुमच्या गावात शेळ्यांना टोचायला पशुवैद्यकीय दवाखान्यातली माणसं आली की शाळेच्या वेळा सांभाळून तिथे हजर राहा. शेळी धरायला मदत करा आणि विचारा, "ही पीपीआरची लस का?"