विश्लेषण : खाकी कागद, खोडरबर आणि शाईचा पॅड… भेटवस्तूचे वेष्टन घरी करणे खरेच स्वस्त पडते का?

राखी, गणपती, दिवाळी, भाऊबीज आणि पाठोपाठ लग्नसराई. या काळात भेटवस्तूंइतकाच नाही, तरी त्यांच्या वेष्टनावर आणि शुभेच्छापत्रांवर होणारा खर्च डोळ्यांत भरतो. चकचकीत कागद दोन मिनिटांत फाडला जातो आणि थेट कचऱ्यात जातो. त्याऐवजी साध्या कागदावर घरगुती शिक्के उमटवून वेष्टन आणि कार्ड तयार करता येते. ते कसे करायचे आणि त्यात खरोखर किती बचत होते, याचा आढावा.

चकचकीत कागदाची अडचण काय?

बाजारातील अनेक वेष्टनांवर प्लास्टिकचा पातळ थर, चंदेरी मुलामा किंवा चमकी असते. असा कागद लगदा करताना सहज विरघळत नाही, त्यामुळे रद्दीत त्याला किंमत नसते. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे कागद मुठीत चुरगाळून सोडावा. तो पुन्हा उलगडू लागला, तर त्यात प्लास्टिक असण्याची शक्यता जास्त. खाकी कागद चुरगाळलेलाच राहतो आणि रद्दीत चालतो.

रबरी शिक्के आले कुठून?

नैसर्गिक रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत ठिसूळ होते. गंधक आणि उष्णतेच्या प्रक्रियेने ते टिकाऊ करण्याचे अमेरिकी पेटंट चार्ल्स गुडइयर यांना १८४४ मध्ये मिळाले. त्यानंतरच्या काही दशकांत रबरी शिक्के कचेऱ्यांत रूढ झाले. आपल्याकडे शिक्का म्हटले की आजही तहसील आणि पोस्टच आठवते. पण तंत्र तेच, कापडावरील ठशांच्या छपाईचे. उंच भागाला शाई लागते, खोलगट भाग कोरा राहतो.

घरी शिक्का कसा तयार करायचा?

पांढरे, मऊ खोडरबर घ्यावे. कागदावर गडद पेन्सिलने कोयरी, पणती किंवा पान काढावे. कागद खोडरबरवर पालथा ठेवून मागून नखाने घासावे. चित्र खोडरबरवर उलटे उतरते आणि छापताना पुन्हा सुलटे येते. म्हणूनच अक्षरे थेट खोडरबरवर लिहू नयेत, याच पद्धतीने उतरवावीत. चित्राभोवतीचा भाग कटरने दोन-तीन मिलिमीटर खोल काढावा. काप बाहेरच्या बाजूला उतरता असावा, म्हणजे शिक्क्याचा पाया रुंद राहतो आणि बारीक कडा तुटत नाहीत. कटर मोठ्यांनीच हाताळावा. मुलांसाठी भेंडीचा आडवा काप उत्तम, त्याचे पाच पाकळ्यांचे फूल उमटते. मात्र भाजीचा शिक्का त्याच दिवसापुरता. खोडरबरचे शिक्के कागदात गुंडाळून ठेवावेत, प्लास्टिकच्या डबीत ते चिकटून बसतात.

छाप पुसट किंवा फिसकटलेला का येतो?

बहुतेक वेळा दोष कागदाचा असतो. कचेरीत वापरतात ती पॅडची शाई कागदात मुरून वाळते. गुळगुळीत कागदावर ती वरच राहते आणि हात लागताच पसरते. त्यामुळे खाकी कागद, कार्डशीट किंवा हातकागद निवडावा. सुती चिंध्यांपासून असा कागद करण्याचे काम पुण्यातील हातकागद संस्थेत १९४० पासून चालत आले आहे. शिक्का पॅडवर दाबू नये, हलके टेकवावा. कागदाखाली जुने मासिक ठेवावे, सरळ दाबावे आणि सरळच उचलावे. नक्षी साडीवरच्या बुट्ट्यांसारखी, एका ओळीतील दोन बुट्ट्यांच्या मधल्या जागेखाली पुढच्या ओळीतील बुट्टी येईल अशी उमटवली की मोकळी जागा ओकीबोकी दिसत नाही. आधी छापावे, पूर्ण वाळू द्यावे आणि मगच वस्तू गुंडाळावी.

कागद किती लागतो?

खोक्याची रुंदी आणि उंची यांच्या बेरजेची दुप्पट, अधिक तीन सेंटिमीटर, ही कागदाची एक बाजू. खोक्याची लांबी, अधिक उंचीची दीडपट, ही दुसरी बाजू. म्हणजे २० बाय १५ बाय ५ सेंटिमीटरच्या खोक्याला साधारण ४३ बाय २८ सेंटिमीटर कागद पुरतो. ए-४ आकाराची कार्डशीट मधोमध कापली तर घडीची दोन शुभेच्छापत्रे होतात. प्लास्टिकच्या रिबिनीऐवजी सुतळी आणि सेलोटेपऐवजी खळ वापरली तर सगळे वेष्टन रद्दीत देता येते.

बचत नेमकी किती?

समजा, एका भेटीमागे बाजारातील कागद १५ आणि कार्ड ४० रुपयांना पडते. घरी पॅड, कटर आणि खोडरबर मिळून १३० रुपये एकदाच लागले आणि दर भेटीला ८ रुपयांचा साधा कागद, तर प्रत्येक भेटीमागे ४७ रुपये वाचतात. तिसऱ्या भेटीलाच खर्च निघतो. मात्र ‘हौस’ म्हणून ७०० रुपयांचा तयार शिक्क्यांचा संच घेतला, तर पंधराव्या भेटीपर्यंत बचत शून्य. काटकसर शिक्क्यांमुळे होत नाही, ती कमी शिक्के वारंवार वापरल्याने होते. दोन शिक्के आणि एक रंग वर्षभर पुरतो. शाळा सुरू होताना पुस्तकांना कव्हरे घालून उरलेला खाकी कागद घरात असेल, तर कागदाचाही खर्च वाचतो.

काय टाळावे?

फराळ थेट शिक्के मारलेल्या किंवा छापील कागदात बांधू नये. खाद्यपदार्थ वर्तमानपत्रात गुंडाळू नयेत, असे अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही बजावले आहे. आधी डबा, मग वेष्टन. आणि कार्डाची आतली बाजू कोरी ठेवावी. बाहेर शिक्का चालतो, पण आत हाताने लिहिलेल्या दोन ओळी असतील तर ते कार्ड रद्दीत न जाता कपाटात जपले जाण्याची शक्यता अधिक.