अनवाणी कप्तान, शब्दाचा पक्का

मुलांनो, चिंध्यांचा चेंडू करून तुम्ही कधी खेळलात का? आता नागालँडमध्ये असलेल्या चांगकी गावी १९१८ साली जन्मलेला तालिमेरेन आओ असल्याच चेंडूवर फुटबॉल शिकला. पायात बूट कुठले असणार!

त्याचे वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. १९३५ मध्ये ते तापाने गेले. जाता जाता त्यांनी मुलाजवळ एकच इच्छा बोलून दाखवली, की त्याने डॉक्टर व्हावं आणि आपल्या नागा लोकांची सेवा करावी. मुलाने ते मनात पक्कं धरलं.

आधी गुवाहाटीचं कॉटन कॉलेज, मग कलकत्त्याचं मेडिकल कॉलेज. तिथेच मोहन बागान या नामवंत क्लबने त्याला घेतलं. एकीकडे हाडांची नावं पाठ करायची, दुसरीकडे मैदानात बचाव सांभाळायचा. (एका चाचणीसाठी खेळ बुडाला म्हणून रुसणाऱ्यांनी नीट ऐका हं!)

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक भरलं. स्वतंत्र भारताचं हे पहिलंच ऑलिंपिक. उद्‌घाटनाच्या संचलनात तिरंगा होता तालिमेरेनच्या हातात! फुटबॉल संघाचा कप्तानही तोच. आणि तोवर डॉक्टरकीची परीक्षा पास व्हायचीच होती. ३१ जुलैला फ्रान्सशी सामना झाला. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी. रामनने गोल करून बरोबरी साधली, पण दोन पेनल्टी हुकल्या आणि अगदी शेवटी फ्रान्सने दुसरा गोल मारला. २-१! हळहळ वाटते ना? बूट का घालत नाही, असं विचारल्यावर कप्तान म्हणाला म्हणे, ‘आम्ही खेळतो तो फुटबॉल, तुमचा तो बूटबॉल!’

आर्सेनल या इंग्लिश क्लबनेही त्याला बोलावलं होतं, असं सांगतात. पण तो परत आला. १९५० मध्ये एमबीबीएस झाला. पुढे ऐन उमेदीत खेळ सोडून डॉक्टर आओ डोंगराळ मुलखातल्या कोहिमाच्या इस्पितळात रुजू झाले. मला तर हा निर्णय पेनल्टी मारण्याहून अवघड वाटतो. १९७८ मध्ये नागालँडच्या आरोग्य खात्याचे संचालक म्हणून ते निवृत्त झाले, आणि १९९८ साली, ऐंशीव्या वर्षी, दिमापूरला वारले. आसाममध्ये कलियाबोर गावी त्यांच्या नावाचं स्टेडियम आहे.